भाऊबीजेला बर्थस्टोन देताय? आधी बहिणीचा हात पाहा

सोयाबीन विकून झालं आणि कापसाची पहिली वेचणी घरात आली, की दर्यापूर-अकोटच्या सराफ्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. वर्षभर उधारीवर ढकललेलं सगळं याच पंधरा दिवसांत उरकायचं असतं. त्यात आता मोबाइलवरच्या जाहिरातींची भर पडली आहे. ‘तुमचा महिना सांगा, तुमचा भाग्याचा खडा घ्या.’ बाराही महिन्यांच्या बारा अंगठ्या, झगमगत फिरणाऱ्या.

परवा पुतण्या तीच जाहिरात घेऊन आला. “काका, ताईचा जून आहे नं. मोत्याची अंगठी घेऊन टाकतो भाऊबीजेले.”

मी विचारलं, “ताई दिवसभर काय करते?”

“करते काय? शेतात जाते, घरचं पाह्यते, दोन म्हशी आहेत.”

“मग मोत्याची अंगठी नको घेऊ.”

“काऊन?”

त्याच्या ‘काऊन’ला उभ्या उभ्या उत्तर देता आलं नाही, म्हणून हे बसून लिहितो आहे. या विषयात माझे स्वतःचे पैसे बुडाले आहेत, तेही पुढे सांगतो.

ही महिन्यांची यादी आली कुठून?

बर्थस्टोन म्हणजे जन्माच्या इंग्रजी महिन्यावरून ठरवलेला खडा. जानेवारीला गार्नेट, फेब्रुवारीला जांभळा अ‍ॅमेथिस्ट, मार्चला अ‍ॅक्वामरीन, एप्रिलला हिरा, मेला पाचू, जूनला मोती, जुलैला माणिक, ऑगस्टला पोपटी पेरिडॉट, सप्टेंबरला नीलम, ऑक्टोबरला ओपल, नोव्हेंबरला टोपाज, डिसेंबरला फिरोजा. काही महिन्यांना दोन-तीन पर्याय आहेत.

बारा खड्यांची कल्पना जुनी आहे. बायबलमध्ये धर्मगुरूच्या छातीवरच्या पट्ट्यात बारा रत्नं जडवल्याचं वर्णन येतं. पण आज जाहिरातीत दिसते ती यादी १९१२ साली अमेरिकेतल्या सराफांच्या संघटनेने ठरवली. दुकानोदुकानी वेगवेगळ्या याद्या होत्या, त्यामुळे गिऱ्हाईक गोंधळायचं, म्हणून एकच केली. पुढे १९५२ मध्ये तिच्यात बदल झाले. २००२ मध्ये डिसेंबरला टांझानाइट जोडलं गेलं, हा निळा-जांभळा खडा फक्त टांझानियात सापडतो. २०१६ मध्ये ऑगस्टला स्पिनेल मिळालं.

म्हणजे ही यादी विकणाऱ्यांनी विकण्यासाठी केलेली आहे. त्यात पाप काही नाही. भेट देणाऱ्याला ‘काय द्यावं’ या पेचातून ती सोडवते आणि घेणाऱ्याला ‘माझा महिना लक्षात ठेवला’ एवढा आनंद देते. त्यापलीकडे तिला दैवी आधार नाही, हे ओळखलं की दुसरा खडा निवडताना मनाला टोचत नाही.

मग ग्रहाचा खडा तो वेगळा का?

पूर्ण वेगळा. आपल्याकडची नवरत्नं नऊ ग्रहांशी जोडलेली आहेत. रवीला माणिक, चंद्राला मोती, मंगळाला पोवळं, बुधाला पाचू, गुरूला पुष्कराज, शुक्राला हिरा, शनीला नीलम, राहूला गोमेद, केतूला लसण्या. तो हिशेब पत्रिकेवर चालतो, इंग्रजी महिन्यावर नाही. दोन्ही पद्धतींत बरेच खडे तेच असल्यामुळे लोक गल्लत करतात.

खड्याने नशीब बदलतं याला पुरावा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पण भेट आपल्या मतासाठी देत नसतात. सप्टेंबरची बहीण म्हणून तुम्ही कौतुकाने नीलम न्याल, आणि तिच्या सासरी दारातच कोणी म्हणेल, “नीलम? कोणाले इचारून घेतला?” शनीच्या खड्याची धास्ती आपल्याकडे घरोघरी आहे. मग ती अंगठी कपाटात जाते, आणि पोरीचं वर्षाचे बारा महिने बोलणं ऐकणं होतं ते वेगळंच. सासर कसं आहे हे तुम्हाला ठाऊक असतं, जाहिरातीला नसतं.

कठीण खडा म्हणजे न फुटणारा खडा का?

इथेच बहुतेक जण फसतात, म्हणून जरा थांबून पाहू.

जर्मनीच्या फ्रिडरिश मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी पट्टी केली. नियम साधा आहे. जो दुसऱ्यावर ओरखडा काढू शकतो, तो जास्त कठीण. सर्वांत मऊ शंखजिरं १ वर, सर्वांत कठीण हिरा १० वर. आपलं नख साधारण अडीचवर येतं, खिडकीची काच साडेपाचच्या आसपास. आणि आपल्या नाल्यात सापडते ती पांढरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, ७ वर.

हा ७ चा आकडा ध्यानात ठेवा. कारण धुळीत गारगोटीचेच बारीक कण असतात. उन्हाळ्यात पडवीतल्या खाटेवर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ आपल्याकडे बसते. सातपेक्षा मऊ खडा रोज बोटात घातला आणि साडीच्या पदराने पुसला, तरी ती धूळ त्याच्यावर काचकागदासारखी फिरते. दोन-तीन वर्षांत खडा आंधळा होतो. कोणी आपटला नाही, पाडला नाही, तरीही.

मोती अडीच ते साडेचारच्या दरम्यान आहे. फिरोजा आणि ओपल पाच-साडेसहापर्यंत. पेरिडॉट सातच्या काठावर. गार्नेट साडेसहा ते साडेसात, अ‍ॅमेथिस्ट बरोबर ७, अ‍ॅक्वामरीन आणि पाचू साडेसात ते ८, टोपाज आणि स्पिनेल ८. माणिक आणि नीलम दोन्ही ९. दोघांचाही ९, कारण ती एकाच खनिजाची दोन रूपं आहेत. त्यात क्रोमियम आलं की लाल, लोखंड आणि टायटॅनियम आलं की निळं.

आता दुसरी बाजू. कठीण असणं आणि चिवट असणं वेगवेगळं आहे. बाभळीच्या ओंडक्यावर आडवा घाव घातला तर कुऱ्हाड उसळते, पण उभ्या रेषेवर पाचर ठोकली की त्याच ओंडक्याच्या दोन फाका होतात. हिऱ्याचं आणि टोपाजचं असंच आहे. त्यांच्या आत ठरावीक दिशा असतात, त्या दिशेने नेमका धक्का बसला तर ते सरळ चिरतात. हिऱ्यावर ओरखडा काढायला दुसरा हिराच लागतो, पण हातोडीने त्याचा चुरा होऊ शकतो. (हिरा म्हणजे आपल्यासाठी परकी वस्तू नाही बरं. गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद अकबराच्या काळात झालेली आहे.) पाचूत जन्मतःच बारीक चिरा असतात, म्हणून आठच्या जवळ असूनही तो धक्क्याला हळवा.

तर कोणाला काय द्यावं?

ज्या बाईचा हात रोज निंदणात, पऱ्हाटीत आणि शेणामातीत असतो, तिला अंगठीच देऊ नये, असं मी म्हणेन. कापूस वेचताना बोंडाच्या वाळल्या टोकांत उंच बसवलेला खडा अडकतो आणि त्याला धरून ठेवणारी नखं हळूहळू उचकटतात. मळणी यंत्राजवळ तर बोटात कोणतीही अंगठी नकोच, खड्याचं सोडा, बोटाची काळजी करा. तिला तोच खडा कानात किंवा गळ्यात द्या. कानाला धूळ लागते पण घासणं होत नाही. मोतीही कानात पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, बोटात टिकत नाही.

शाळेवर, दवाखान्यात, बँकेत काम करणारी असेल तर अंगठी चालेल. मात्र खडा सातच्या वरचा घ्या आणि तो सोन्याच्या काठाने चारी बाजूंनी वेढलेला, ठेंगणा बसवून घ्या. नुसत्या चार नखांवर उभा केलेला खडा काचेआड शोभतो, हातात टिकत नाही. आणखी एक. खड्याच्या दागिन्याला १८ कॅरेट सोनं द्यायला सराफ सुचवत असेल तर तो फसवतच असेल असं नाही. २२ कॅरेट मऊ असतं, त्यापेक्षा १८ ची पकड घट्ट बसते.

बजेट कमी असेल तर लाज वाटून घेऊ नका. गार्नेट, अ‍ॅमेथिस्ट, पिवळा सिट्रिन हे खडे माणिक-पाचूच्या मानाने फार स्वस्त आहेत आणि चांदीत फार देखणे दिसतात. चांदीचा विषय निघाला की आमच्या भागात खामगावचं नाव निघतंच.

“पण खडा खरा आहे का, ते कसं ओळखायचं?”

हा प्रश्न अर्धा आहे. खड्यांत खरा-खोटा असे दोनच प्रकार नसतात, चार असतात.

गारपीट झाली की अंगणात पडतो तो बर्फच, आणि फ्रिजमध्ये जमवतो तोही बर्फच. जमिनीतला माणिक आणि कारखान्यात घडवलेला माणिक यांचं नातं असं आहे. पदार्थ तोच, कठीणपणा तोच, जन्म वेगळा. हे काही कालचं तंत्र नाही. ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची व्हर्न्युईल यांची पद्धत १९०२ पासून जगाला माहीत आहे. हल्ली गाजणारे प्रयोगशाळेतले हिरेही याच जातीचे. ते खोटे नाहीत. पण खाणीतल्या खड्याच्या भावात विकले तर ती फसवणूक आहे.

तिसरा प्रकार म्हणजे नक्कल: रंगीत काच, प्लास्टिक. ‘अमेरिकन डायमंड’ म्हणतात तो क्युबिक झिरकोनिया, म्हणजे हिऱ्याची नक्कल. डिसेंबरच्या यादीतला झिरकॉन हा मात्र स्वतंत्र, नैसर्गिक खडा आहे. नावातल्या साम्याचा फायदा घेणारे घेतात. तसंच पुष्कराज म्हणून ‘सुनेला’ नावाचा खडा, म्हणजे सिट्रिन, गळ्यात मारला जातो.

चौथा प्रकार सर्वांत अवघड. खडा जमिनीतलाच, पण त्याच्यावर काम केलेलं. माणिक-नीलम तापवून रंग उजळणं सर्वत्र चालतं. बाजारातला बहुतेक सिट्रिन तापवलेला अ‍ॅमेथिस्ट असतो. पाचूच्या चिरांत तेल भरतात. हे सांगून विकलं तर ठीक. पण हलक्या प्रतीच्या, चिरा गेलेल्या माणकात शिसं मिसळलेली काच भरतात, तिथे जपा. भेगाळल्या भिंतीला पुट्टी भरून रंग मारावा तसा तो दिसतो छान.

माझे पैसे बुडाले ते इथे. बायकोला माणकाची अंगठी घेतली होती. बिलावर नुसतं ‘स्टोन रिंग’. दिवाळीच्या तोंडावर तिने पितळेच्या समयांसोबत तीही लिंबाने उजळली. खड्यावर पांढरट जाळं आलं ते गेलंच नाही. दुकानदार म्हणाला, तुमचीच चूक. अर्धं खरं होतं. अस्सल माणकाला लिंबाचा रस काही करत नाही. आत भरलेली काच आंबटाने खाल्ली जाते. मला काच विकली होती, आणि ते लिंबाने उघडं पाडलं.

घरगुती परीक्षांवर विसंबू नका. दुधात नीलम टाकून रंग पाहणं, फुंकर मारून वाफ किती वेळ राहते ते मोजणं, काचेवर ओरखडा काढणं, यातून काही सिद्ध होत नाही. काचेवर ओरखडा तर गारगोटीही काढते, आणि कारखान्यातला माणिक खाणीतल्याइतकाच काढतो. मोती दातावर घासला तर खरा किंचित खरखरीत लागतो, काच-प्लास्टिक गुळगुळीत, एवढं मात्र बऱ्यापैकी खरं. पण आज बाजारात येणारे जवळजवळ सगळे मोती शिंपल्यात मुद्दाम पिकवलेलेच असतात, तेव्हा ‘समुद्रातला नैसर्गिक’ म्हणून जास्तीचे पैसे मागणाऱ्याला कागद मागा. महाग खड्याला जीआयए, आयजीआय किंवा जयपूरच्या जेम टेस्टिंग लॅबोरेटरीसारख्या प्रयोगशाळेचा दाखला हवाच. पाचशे-हजाराच्या गार्नेटला नको. दाखल्याचाच खर्च खड्याइतका व्हायचा.

“हॉलमार्क आहे ना, मग कशाला चिंता?”

हॉलमार्क सोन्याची हमी देतो. खड्याबद्दल तो मुका आहे. त्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख-क्रमांक असतो. हॉलमार्क सक्तीचा आहे तिथे १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय दागिना विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकून दुकानातच तपासा. मात्र २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला सक्ती नाही, आणि भेटीच्या खड्याच्या अंगठ्या नेमक्या तिथे बसतात. म्हणून सक्ती नसली तरी हॉलमार्क मागा.

वजनाचा घोळ याहून मोठा. ‘कॅरेट’ हा शब्द सोन्यात शुद्धता सांगतो, खड्यात वजन. खड्याचा १ कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. तेव्हा ५ कॅरेटचा खडा भरतो बरोबर १ ग्रॅम. अंगठी खड्यासकट तोलून सगळ्याला सोन्याचा भाव लावला, तर १ ग्रॅम दगड तुम्ही सोनं म्हणून विकत घेतला. बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, खड्याचं वजन आणि घडणावळ तिन्ही वेगवेगळी हवीत.

‘रत्ती’त सौदा करू नका. रत्ती म्हणजे मुळात गुंज, ती लाल, काळ्या ठिपक्याची. जुन्या हिशेबात ९६ गुंजांचा तोळा, म्हणजे एक गुंज सुमारे १२१ मिलिग्रॅम. पण खडे विकणारे बरेच जण १८० मिलिग्रॅमच्या आसपासची रत्ती धरतात. दोन दुकानांतल्या ‘पाच रत्ती’त मग निम्म्याचा फरक पडतो. कॅरेट किंवा मिलिग्रॅममध्येच विचारा.

बिलावर खड्याचं नाव, तो खाणीतला की प्रयोगशाळेतला, आणि त्यावर प्रक्रिया केली आहे का, हे लिहून घ्या. ‘स्टोन रिंग’ लिहिलेल्या बिलाने भांडता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. नीट बिल असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही.

“अडीअडचणीला मोडता येईल ना?” हे बायका हमखास विचारतात, आणि बरोबर विचारतात. आपल्याकडे दागिना म्हणजे पेरणीच्या वेळी गहाण टाकायची सोय असते. मोडीला नेलं की सोनार खडा काढून हातावर ठेवतो आणि सोन्याचे तेवढे पैसे देतो. साध्या खड्याची किंमत परत येत नाही. हौसेचे पैसे आणि अडचणीचे पैसे वेगळे मोजायचे, तेव्हा जास्तीचं बजेट खड्याऐवजी सोन्यात घाला.

घरी सांभाळायचं कसं?

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर हा आपला खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर बसतो, तसाच खड्याच्या मागच्या बाजूला बसतो आणि खडा मंद दिसू लागतो. बायकांना वाटतं, पाणी उतरलं. उतरलेलं काही नसतं. प्यायच्या गोड्या पाण्यात, कोमट करून, साबणाचा किंवा रिठ्याचा थेंब टाकून मऊ ब्रशने मागून घासा आणि लगेच कोरडं करा. वाटीत धुवा, मोरीवर नको. सैल झालेला खडा मोरीतून गेला की गेला.

मोती, पोवळं, फिरोजा आणि ओपल यांना मात्र पाण्यात बुडवायचं नाही. ओल्या मऊ फडक्याने पुसायचं, बस. मोती आणि पोवळं चुन्याच्याच जातीचे, लिंबू-चिंच-व्हिनेगर त्यांना विरघळवतं. हळदीच्या कार्यक्रमात मोती काढून ठेवा, डाग आत उतरतो. पावडर-अत्तर आधी, मोती शेवटी, आणि घरी आल्यावर पहिल्यांदा तोच उतरवायचा. राख, धुण्याचा सोडा, टूथपेस्ट यांनी कोणताच खड्याचा दागिना घासू नका.

अकोल्याचा मे महिना ठाऊक आहे. टिनाच्या छपराखालचं लोखंडी कपाट हात लावू देत नाही. ओपल आणि मोत्यात मुळात थोडं पाणी असतं, ते अशा उष्णतेत सुकलं की तडे जातात. त्यांना घरातल्या सर्वांत गार खोलीत, धुतलेल्या जुन्या सुती कापडात ठेवा. अ‍ॅमेथिस्टचा जांभळा रंग सतत उन्हात राहिला तर फिका होतो. आणि प्रत्येक खडा वेगळ्या पुरचुंडीत, नाहीतर हिरा-माणिक शेजारच्यांना ओरबाडतात.

अंगठी सैल-घट्ट करायला दिली तर सोनाराला आठवण द्या: डाक लावण्याआधी खडा काढा. आचेने पाचूतलं तेल जातं, काच भरलेला माणिक तर नासतोच. सराफाकडचं थरथरणारं धुण्याचं यंत्रही पाचू, ओपल, मोती यांना वर्ज्य.

आणि जन्मतारीखच खरी नसेल तर?

हसू नका. आमच्या पिढीत गुरुजींनी शाळेत घालताना १ जून किंवा १ जुलै लिहून टाकलेले ढिगाने आहेत. बर्थस्टोनच्या हिशेबाने अर्ध्या गावाला मोती आणि अर्ध्याला माणिक लागायचा.

पुतण्याच्या ताईचा ‘जून’ही दाखल्यावरचाच निघाला. वहिनी म्हणाली, “कुठचा जून? पोळ्याच्या करीले झाली ते.” आता पोळा २०२३ ला १४ सप्टेंबरला होता, २०२४ ला २ सप्टेंबरला, २०२५ ला २२ ऑगस्टला. म्हणजे तिच्या जन्माच्या वर्षाचं पंचांग काढायचं, ऑगस्ट निघाला तर पेरिडॉट, सप्टेंबर निघाला तर नीलम, आणि नीलम निघाला तर तिच्या सासूची समजूत.

पोराने पंचांग शोधलं नाही. सरळ तिलाच फोन लावला.

ती म्हणाली, “मले लाल आवडते. आन् अंगठी नको आणू बाप्पा, म्हशीची धार काढताना टोचते.”

काल तो लाल गार्नेटचे टॉप्स घेऊन आला. मी आधी बिल मागितलं. खड्याचं नाव आणि वजन वेगळं लिहिलेलं होतं.